बर्फाशिवायची खेप

"अगं बाई, ही आज एवढी वर का आलीय?"

अक्काने सुरी फळीवर टाकली आणि हात पुशीत धक्क्याच्या कडेला गेली. भावाची बोट दोराला हिसके देत उभी होती. तिच्या पोटावरचा लाल पट्टा एरवी पाण्याखाली असायचा. आज तो हातभर बाहेर आला होता.

"बर्फ नाही भरला ना, म्हणून," भाऊ वरून ओरडला. "या खेपेला सगळेच मासे सोडून द्यायचेत. मग बर्फ काय चाटायला नेऊ?"

त्याला अख्खा धक्का डावऱ्या म्हणायचा. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मासे कापायच्या फळीशेजारी टोपलीत बसवून अक्कानेच त्याला वाढवलं. जेवण, लिहिणं, दगड भिरकावणं, सगळं डाव्या हाताने. शेजारणी सांगायच्या, "हात बांधून ठेव, वळण लागेल." तिने कधी बांधला नाही.

यंदा मासळी संशोधन खात्याने धक्क्यावरच्या दोन बोटी भाड्याने घेतल्या होत्या. मासा जिवंत पकडायचा, पाठीवरच्या पराजवळ पिवळी बारीक नळी टोचायची आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचा. पुढे तो कुणाच्या जाळ्यात सापडला, यावरून मासे कुठून कुठे जातात ते कळणार होतं. धक्क्यावर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. आयुष्यभर मासे मारलेली माणसं आता त्यांना टोचून सोडणार!

खात्याच्या बाई तरुण होत्या, जीव ओतून शिकवायच्या. "नळी माशाच्या डाव्या अंगालाच टोचायची हं. सगळ्यांची एकाच बाजूला हवी." बाकीच्यांना ते जमलं. डावऱ्याच्या हातून मात्र ती दर वेळी उजवीकडेच बसायची.

"अहो, पुन्हा उजवीकडे!"

"बाई, माझं सगळंच उलटं. मासा तेवढा सुलटा सोडतो."

बाईंनी शेवटी नाद सोडला.

घरी येऊन तो अक्कालाही शिकवायचा. "कोरड्या हाताने धरू नकोस गं. अंगावरची चिकटी निघून जाते, मग तो जगत नाही."

"अरे, मेलाय तो. मी कापतेय त्याला!"

"तरीपण. आधी हात ओले करावेत."

पहिल्या खेपा किनाऱ्याजवळच झाल्या. अर्धे मासे सोडायचे, अर्धे विकायला आणायचे, म्हणून तळात बर्फ असायचा. आता मासे लांब खोल पाण्यात सरकले होते, आणि थंडीच्या आत त्यांना गाठायचं होतं.

अक्का बोटीकडे बघत राहिली. खाली तळ रिकामा आणि वर मासे ठेवायला पाण्याने भरलेल्या मोठाल्या टाक्या. खात्याची माणसं येणार म्हणून बोट साबणाने घासली होती. मासळीचा वासच उरला नव्हता. एरवी बोटीभोवती कलकलाट करणारे पक्षी आज धक्क्याच्या भिंतीवर गप्प बसून होते.

"पोट रिकामं आणि डोक्यावर एवढं पाणी. मला काही बरं दिसत नाही रे. थोडा तरी बर्फ घे."

"हलकी आहे तर पळेल की! तू ना अक्का, पाऊल उचललं की ठेच बघतेस."

"ठेच तुला लागते, फुंकर मला घालावी लागते."

तो हसला. डावा हात वर केला. दुसऱ्या बोटीवरून खात्याच्या बाईंनीही हात हलवला. त्या बोटीच्या म्हाताऱ्या नाखव्याने मात्र नुसत्या सवयीने बर्फ भरून घेतला होता. त्यावरून डावऱ्याने त्याची यथेच्छ टिंगल केली होती.

दोन्ही बोटी निघाल्या. एक पाण्यात बसून चालली, दुसरी पाण्यावर नाचत.

परत एकच आली.

बाई अक्काच्या फळीशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "लाट दोघांनाही लागली, अक्का. आम्ही आडवे झालो आणि पुन्हा सरळ झालो. ते... ते सरळच झाले नाहीत."

अक्काने त्यांना पाणी दिलं. दोष कुणाला द्यायचा? बर्फ माशांसाठी न्यायचा, हे सगळ्यांना पाठ होतं. तो बोटीलाही खाली धरून ठेवतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिलाही नुसतं बरं दिसलं नव्हतं, एवढंच.

पुढच्या हंगामात अक्का पुन्हा फळीवर बसू लागली. हात चालायचे. बोलणं कमी झालं होतं.

एका सकाळी गिऱ्हाईक बाईने टोपलीतला मोठा मासा दाखवला. अक्काने तो फळीवर ओढला, सुरी उचलली आणि थांबली. पराजवळ पिवळी नळी होती. शेवाळ चढलेली, पण घट्ट बसलेली.

"अय्या, हा खात्याचा का? नेऊन दिला की बक्षीस म्हणून टोपी मिळते म्हणे!" गिऱ्हाईक म्हणाली. "कापा ना, अक्का."

अक्काने माशाचं तोंड आपल्यापासून लांब वळवलं. नीट बघितलं. नळी उजव्या अंगाला होती.

"हा नाही कापायचा. तू दुसरा घे."

"का हो? ताजा तर दिसतोय."

अक्काने सुरी बाजूला ठेवली. शेजारच्या बादलीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले, चांगले ओले केले, आणि मग तो मासा उचलला.