पंचविसावा मणी

मी वटार गावच्या मार्सेल मास्तरांच्या घरातला कर्णेवाला ग्रामोफोन बोलतोय. बोलतोय म्हणजे, कोणी चावी दिली तर. बटण दाबलं की बडबडत सुटणाऱ्यांतला मी नव्हे. आधी हँडल फिरवा, ताजी सुई लावा, मग ऐका. एवढा तोरा माझा आहे खरा.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवरच्या पत्र्यावर लिहिलं होतं, पण खाऱ्या हवेने ती अक्षरं कधीच खाल्ली. मास्तरांचे वडील केळीचे घड घेऊन मुंबईला गेले आणि येताना मला मांडीवर घेऊन आले, इथपासूनचं मला आठवतं. माझ्या पोटात स्प्रिंग आहे हे कळल्यावर मास्तरांच्या आईने नियमच घातला. डाव्या हातात जपमाळ धरायची, एका फेऱ्याला एक मणी सरकवायचा, चाळीस झाले की हात थांबवायचा. "पोट फुटेस्तोवर कुणाला खाऊ घालू नये," असं ती म्हणायची.

मास्तरांच्या लग्नात अंगणातल्या मांडवात मीच वाजलो. नवी नवरी ग्रेसी एका नाचाच्या तबकडीवर अशी गिरकी घेत होती, की मास्तर दोनदा स्वतःच्याच पायात अडखळले. पुढे सासूबाईंनी चावी तिच्या हाती सोपवली. तबकडीच्या एका बाजूला एक सुई, गाणं संपलं की उरलेली चावी उतरू द्यायची, सगळं ती सासूच्या वर काटेकोर करायची. फक्त कधीतरी चाळिसाचे तीस फेरे झाले. "म्हातारा झाला तो, जास्त सोसत नाही त्याला," असं तिने घरात सांगितलं. कुणाचं गुपित फोडायची आपल्याला सवय नाही.

गेल्या सप्टेंबरात ग्रेसी वेलंकनीच्या यात्रेला गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "मास्तर, भात कुकरमध्ये लावा, झाडांना पाणी घाला, आणि याच्या चावीला हात लावू नका."

मास्तरांनी तीन दिवस दम धरला. चौथ्या दिवशी घर त्यांना खायला उठलं. त्यांनी नाचाची तबकडी काढली, जपमाळ घेतली आणि चावी द्यायला लागले. वीसेक फेरे झाले असतील, तेवढ्यात दारात बोंबीलवालीची हाक आली, "मास्तर, बोंबील घेता का? पानी बघा कसं चमकतंय त्यांच्यावर!"

बोंबील घेऊन, हात धुऊन मास्तर परत आले. जपमाळ टेबलावर पडलेली. किती मणी झाले होते? चौदा की चोवीस? पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला हा माणूस! जपमाळेत आकडा चुकला की ते पहिल्यापासून म्हणायचे, तसंच त्यांनी इथेही केलं. पण मणी जास्त झाला म्हणून देव रागवत नाही, फेरा जास्त झाला की स्प्रिंग रागावते. हँडल जड झालं, तरी मास्तर दामटत राहिले. पोटात काडकन आवाज झाला आणि माझी वाचाच बसली.

मास्तर कपाळाला हात लावून बसले. मग त्यांनी एव्हरशाईन सिटीतल्या नातीला, टिफनीला, फोन केला. ती गाडी घेऊन आली. "आजोबा, डोन्ट वरी. आमच्याकडे एकजण आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवून देतो. आजीला कळणार पण नाही."

मी हादरलो. माझा कर्णा आणि आवाज दुसऱ्याचा! आणि मास्तर चक्क विचारात पडले. मग माझ्या कर्ण्यावरून हात फिरवत म्हणाले, "नको गं. बिचारा आयुष्यभर स्वतःच्या पोटातून गायलाय."

टिफनीने शोधाशोध करून आम्हाला सातिवलीला नेलं. तिथल्या एका गाळ्यात प्रल्हाद नावाचा माणूस दुकानांच्या शटरच्या स्प्रिंगा बनवतो. त्याने चामड्याचे हातमोजे चढवले. "ताई, लांब उभ्या राहा. ही सुटली तर बोट घेऊन जाईल." माझ्या पोटातला डबा उघडून त्याने स्प्रिंग वीत-वीत करून बाहेर काढली. खोबरेलाचा थर बघून तो हसला. दर नाताळला मास्तर मला लाडाने खोबरेल पाजत. "मास्तर, हे केसांना लावा. याला ग्रीस लागतं."

मग त्याने तुटलेलं टोक लाल तापवलं आणि नवं भोक पाडलं. पाडता पाडता म्हणाला, "ही आधीही तुटलेली दिसतेय. दुसऱ्या टोकाला कोणीतरी असंच भोक पाडलंय."

"छे छे! आमच्या घरात फार जपून चावी देतात."

ते भोक कधीचं, ते मला ठाऊक होतं.

"बरं. पण आता ही आखूड झाली. पंचवीसच फेरे. हाताला जड लागलं की थांबायचं."

रविवारी ग्रेसी परतली. चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर तिने तबकडी काढली आणि जपमाळ घेतली. ती तीस फेरे देणार हे मास्तरांना ठाऊक होतं. सांगावं तर चोरी उघडी पडते, न सांगावं तर मी जातो. अठरा. वीस. मास्तरांच्या कपाळावर घाम. तेवीस. माझी स्प्रिंग ताणत आली. पंचवीस झाले आणि ग्रेसीने सव्विसावा मणी धरला.

"ग्रेसी, थांब!" मास्तर ओरडले. आणि मग बोंबलांपासून शटरवाल्यापर्यंत सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

ग्रेसी खुर्चीत बसली आणि हसू लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "मास्तर, चाळिसाचे तीस कसे झाले, कधी विचारलंत? तुम्ही शाळेत होता, सासूबाई वाडीत. मला एकटीला नाचायची हौस आली होती. तेवढ्यात दूधवाला आला, आणि मी मोजायची विसरले. तेव्हाही अशीच तुटली, गुपचूप जोडून आणली."

दोघांची गुपितं पोटात धरून माझी स्प्रिंग तिसऱ्यांदा तुटली नाही, हेच नवल! त्या दिवशी दोघं नाचले. पंचवीस फेऱ्यांत गाणं शेवटी जरा संथ होतं, पण आता त्यांचे गुडघेही तिथेच संथ होतात. आमचं छान जमतं.

तुमच्या घरात माझा कोणी भाऊबंद धूळ खात असेल, तर त्याला जपून चावी द्या. चुकलात तर लपवू नका, तुटलेलं जोडता येतं. आणि दारात बोंबीलवाली आली, तर आधी बोंबील घ्या.