खाटेखालच्या चार वाट्या

१९७१ सालचा मे महिना. उमरेड रस्त्यावरच्या बारा खाटांच्या खाजगी दवाखान्यात गोपिका आया फरशीवर गुडघे टेकून सातव्या खाटेच्या पायांखाली पाण्याने भरलेल्या जर्मनच्या वाट्या सरकवत होती. खाटेवर शालिकराम होता, कुहीकडचा कवेलू फेरणारा. पावसाळ्याआधी लोकांच्या छपरांवर चढून फुटकी कवेलू, म्हणजे कौलं, काढायची नि साबूत बसवायची, हाच त्याचा धंदा. आदल्या दिवशी, शुक्रवारी, एका घराच्या आढ्यावरून त्याचा पाय सुटला आणि नडगीची दोन्ही हाडं मोडली. संध्याकाळी प्लास्टर झालं होतं.

"उचला वहिनी, अजून जराशी," गोपिका त्याच्या बायकोला, भागीरथेला म्हणाली. चौथी वाटी बसली. "पायाले मुंग्या येऊन राहिल्या म्हणे! येतीन नाई तं काय? उशाशी गोड दशम्या कोनं बांधून ठेवल्या?"

भागीरथा ओशाळली. "दुसरं काही खातच नाई ना हे, बाई."

मुंग्या खरोखरच होत्या. भिंतीच्या फटीतून निघालेली तांबडी रांग खाटेच्या पायावरून चढून गुळाच्या दशम्यांच्या गाठोड्यात शिरत होती. कोणालाही वाटलं असतं तेच गोपिकेला वाटलं.

"तशा नाई, बाई," शालिकराम म्हणाला. "आतून येऊन राहिल्या जशा. अन् ठनक बी लय हाये."

"प्लास्टरात घुसल्या असतीन मंग. थांबा."

तिने स्वयंपाकघरातून मूठभर हळद आणली, पाण्यात कालवली आणि प्लास्टरमधून बाहेर डोकावणाऱ्या पाचही बोटांवर चांगली चोपडली. "माह्या मायचा उपाय हाये. हयदीवरून मुंगी जात नाई."

"लगनात बी एवढी हयद नवती लागली मले," शालिकराम म्हणाला.

"लागन कशी? तुमी एका जागी बसाल तवा ना!" भागीरथा म्हणाली, आणि त्या ठणक्यातही तो हसला.

त्याला इथे आणायचं भागीरथेनेच ठरवलं होतं. मोठ्या सरकारी दवाखान्यात पाय कापतात, असं गावात सगळे म्हणत. कोणाचे कापले आणि ते कोणत्या अवस्थेत तिथे पोचले होते, हे कोणी विचारलं नव्हतं. "पैसे लागले तं लागू द्या," ती दारातच म्हणाली होती, "पन पाय राह्यला पायजे. छपरावर चढनाऱ्या मानसाचा पायच गेला तं काय राह्यलं?"

दवाखाना होताही तसा नीटनेटका. पांढऱ्या चादरी, डोक्यावर पंखा, आणि रोग्याशी सगळे गोड बोलत. फक्त हाडांचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत. मधल्या दिवसांत कंपाउंडर महादेवराव सगळं बघत. गोपिकेने त्यांना ठणक्याचं सांगितलं, तर ते म्हणाले, "हाड मोडल्यावर दुखन नाई तं काय गुदगुल्या होतीन?" तरी त्यांनी दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. जाता जाता चादर वर करून बोटं पाहिली. बोटं पिवळीधमक.

"हे काय वं गोपिका? पूजा मांडली का?"

वॉर्ड हसला. महादेवराव पुढच्या खाटेकडे गेले.

रविवारी सकाळी गोपिकेने आल्याबरोबर विचारलं, "काय मंता भाऊ, मुंग्या?"

"गेल्या, बाई. ठनक बी गेली. आता काहीच वाटून नाई राह्यलं."

तिला केवढा आनंद झाला. "पाहा! चार वाट्यांत काम झालं!" तिने बाराही खाटांना ते सांगितलं. भागीरथेने तिच्या हातावर एक दशमी ठेवली. ती गोपिकेने उभ्या उभ्या, मोठ्या चवीने खाल्ली. पुढे कित्येक वर्षं तिला त्या रविवारातली ती दशमीच आठवे.

सोमवारी दुपारी वास आला. मंगळवारी हाडांच्या डॉक्टरांनी ओल्या कापसाने हळद पुसली. बोटं काळीनिळी होती. प्लास्टर घट्ट बसलं होतं, आत पाय सुजला होता, आणि रक्त खाली उतरत नव्हतं, चार दिवसांपासून.

"आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या," ते म्हणाले.

तिथे त्याच दिवशी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बारा खाटांच्या दवाखान्यातलं बिल भागवायला भागीरथेची दुभती म्हैस गेली. मोठ्या दवाखान्यात तो पुढे तीन महिने होता. तिथे केसपेपरच्या चिल्लर पैशांपलीकडे कोणी काही मागितलं नाही.

आठ दिवसांनी गोपिका पदरात चार आंबे बांधून त्याला भेटायला गेली. सगळं सांगून टाकायचं, असं तिने वाटेत ठरवलं होतं. त्या कोणत्या मुंग्या होत्या, ते आपल्याला कळलं नाही. वरून हळद लावली, म्हणून बोटांचा रंगही कोणाला दिसला नाही.

हाडांचा वॉर्ड लांबलचक होता, भिंतींचे पोपडे निघालेले, वर कबुतरं. एक केरळची सिस्टर खाटेखाटेशी थांबत होती. प्लास्टरमधून आलेल्या अंगठ्याचं नख ती दाबायची, सोडायची, पांढरं झालेलं नख पुन्हा लाल होतंय का ते पाहायची आणि विचारायची, "बोट हलव. मुंगी येते का?"

"नाई, सिस्टर."

पुढची खाट. "मुंगी येते का?"

"येते जराशी."

सिस्टरने तिथूनच हाक मारली. एक तरुण डॉक्टर करवत घेऊन धावत आला आणि त्याने प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरलं. रोग्याने सुस्कारा सोडला. त्याच्या उशाशी ठेवलेल्या चहातून अजून वाफ निघत होती.

गोपिका पाहत राहिली. "हे... रोजच विचारता तुमी?"

"दर तासाला," सिस्टर म्हणाली. "मुंगी आली म्हणजे प्लास्टर घट्ट. लगेच कापायचं." आणि पुढे गेली.

शालिकराम कोपऱ्यातल्या खाटेवर होता. डाव्या बाजूला गुडघ्याखाली चादर सपाट पडली होती.

"या, बाई. वं भागीरथा, बाईले बसाले दे." मग तो म्हणाला, "तुमीच एक होत्या तिथं. मी मुंग्या मनलं तं तुमी वाट्या तरी आनल्या. बाकीच्याईनं तं आयकलंच नाई."

गोपिकेचं तोंड उघडलं. भागीरथा स्टूल पुसत होती.

"आंबे पिकले हायेत," गोपिका म्हणाली. "आजच खाऊन घ्या."

बारा खाटांचा दवाखाना सात-आठ वर्षांनी बंद पडला, आता तिथे फर्निचरचं दुकान आहे. महादेवरावांनी सक्करदऱ्याला औषधांचं दुकान टाकलं, ते चांगलं चाललं. शालिकराम पुन्हा छपरावर चढला नाही. लोक त्याला घेऊन जायचे आणि अंगणात बाजेवर बसवायचे. तो खालूनच ओरडायचा, "तिसऱ्या ओळीतलं बदल गा, ते पानी देईन!" आणि ते कवेलू फुटकंच निघायचं. १९८४ च्या हिवाळ्यात तो तापाने गेला. भागीरथा त्यानंतर चार वर्षं होती. तिने पुन्हा म्हैस घेतली नाही.

गोपिका पुढच्याच वर्षी मोठ्या दवाखान्यात आया म्हणून लागली आणि हाडांचा वॉर्ड तिने मागून घेतला. नखं दाबणं हे आयाचं काम नव्हतं. तरी झाडू मारता मारता ती खाटेशी थांबायची आणि विचारायची, "भाऊ, मुंग्या?" तेरा वर्षं तिने ते विचारलं. कुहीला जायचं मात्र दरवर्षी राहून गेलं.

तिच्या घरात दूध-साखरेचं जाळीचं कपाट होतं. त्याच्या पायांखाली तिने पुन्हा कधी वाट्या ठेवल्या नाहीत. सून कुरकुरायची. उन्हाळ्यात तांबडी रांग भिंतीवरून उतरायची, साखरेचा एकेक कण उचलून न्यायची. गोपिका जवळच पाट घेऊन बसायची आणि नेऊ द्यायची.