माणिकरावांच्या भिंतीतलं भगदाड

जीव १००

संतराम सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मशीन पाच आणि माणसं मारायचे गेम एकशे एक. सर हिंगोलीला गेले की नवी सीडी घेऊन यायचे. तिच्यावर कागदी लेबल, लेबलावर काळा चष्मा लावलेला गोरा शिपाई. पोरं टायपिंगचा तास कसाबसा उरकायची आणि मारायला बसायची. कधी वाळवंट, कधी बर्फ, कधी गंजलेलं जहाज, कधी हिरव्या रक्ताचे राक्षस. गेम बदलायचा, बंदूक तीच. पडद्याच्या खालून दोन हात पुढं आलेले, त्यांत बंदूक, आणि कोपऱ्यात लाल आकडा: जीव किती उरला. हात कोणाचे ते कळायचं नाही. चेहरा असायचा फक्त मरणाऱ्याला.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात पोरांना सगळ्याच गेमांचा वीट आला. कोणत्या दारामागं कोण उभा आहे हे झोपेतही सांगता यायला लागलं होतं.

तेव्हा आयुषनं गाव बनवलं.

आयुष भीमनगरचा, पद्माबाईंचा थोरला. बारावी झाल्यावर क्लासमध्येच पोरांना शिकवायचा. एका सीडीत नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर निघालं आणि तो त्यात घुसला तो घुसलाच. स्टँड, चांगुणाबाईची पिठाची गिरणी, ग्रामपंचायत, हातपंप, माणिकरावांचं खताचं गोदाम. विटा परदेशी होत्या, आभाळ वाळवंटातलं होतं. पण गाव पडद्यावर उघडलं आणि पोरं खुर्च्यांवर चढली.

"अबे, हे तर मपलं घर!"

"आन हा मी, तुह्या घरावर!"

गोळी. पहिला मुडदा ग्रामपंचायतीच्या पायरीवर पडला.

त्यानंतर दुसरा गेम कोणी उघडला नाही. गिरणीच्या पट्ट्याआड दबा धरायचा, मामाच्या ओट्यावर मित्राचं डोकं उडवायचं, हातपंपाशी वाकलेल्याला पाठीत घालायची. गावातून जाताना पोरं कोपऱ्यावर थांबून आधी डोकावून बघायला लागली आणि आपल्यालाच हसायला लागली.


जीव ८८

खोट एकच होती. ती रामप्रसादनं काढली. रामप्रसाद तांड्यावरचा, स्टँडवरून सेनगावला जीप मारायचा. सीट भरेपर्यंत क्लासमध्ये यायचा, दोन-चार मुडदे पाडायचा आणि जायचा.

"आयुषभाऊ, काहून मला भीमनगरात टाकतो बे? भीमनगरात जन्मलो की मेलोच म्हणून समज."

गेममध्ये एक टोळी स्टँडवर जन्मायची, दुसरी भीमनगरात. भीमनगराच्या मागं ओढा. बाजूला गोदामाच्या कंपाउंडची उंच, लांब भिंत. बाहेर पडायला रस्ता एकच, गोदामाच्या फाटकासमोरून. फाटकात एक जण बंदूक घेऊन बसला की भीमनगरचा एकही माणूस स्टँडला पोचत नसे. आपलंच कुठं चुकलं का म्हणून आयुष खऱ्या रस्त्यानं चालून आला. नकाशा बराबर होता.

म्हणून त्यानं भिंतीच्या मागच्या कोपऱ्याला, गोदामाच्या पाठीशी, माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पाडलं. पडद्यावर. डाव बरोबरीत आला.

माणिकरावांचा सोनाजी दुसऱ्याच दिवशी त्याच्या खुर्चीशी येऊन उभा राहिला.

"आमच्या भिंतीला भगदाड पाडायला तुला कोणी सांगितलं?"

"गेम हाय, सोनाजीभाऊ."

"भिंत तर आमची हाय ना?"

"बुजवलं तर भीमनगरचा डाव फुकट जातो."

"मंग जाऊ दे की. आधी जातच होता."

पोरं हसली. आयुषनं भगदाड बुजवलं नाही. सोनाजी रोज त्या भगदाडाला शिव्या द्यायचा आणि रोज त्याच्याच तोंडाशी बंदूक लावून बसायचा. गोदामाच्या पाठीशी तो खरोखरचा शेवटचा गेला होता तो चड्डी घालायच्या वयात. तिथं साप निघायचे. पडद्यावर मात्र त्याला तिथली वीट न वीट पाठ झाली.


जीव ७०

श्रावणातल्या एका दुपारी सोनाजी भगदाड सोडून गोदामाच्या दाराकडं गेला, तेवढ्यात आयुष भगदाडातून वाकून आला, गोदामाला वळसा घालून सोनाजीच्या पाठीशी उभा राहिला आणि त्यानं गोळी घातली. सोनाजी बापाच्या गोदामाच्या दारात आडवा झाला.

"मेला! सोन्या सोताच्या घरात मेला!" हसला तो मुंजाजी, सोनाजीचाच दोस्त, चोवीस तास त्याच्या मोटरसायकलवर मागं बसणारा.

सोनाजीनं कीबोर्ड उचलला आणि आयुषच्या डोक्यात घातला. बटणं दाण्यांसारखी उधळली. आयुषच्या कपाळावरून रक्ताची धार भुवईत उतरली. त्यानं उठून सोनाजीच्या छातीत गुद्दा मारला, दोघं खुर्च्यांसकट खाली गेले, आणि तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंग. पाचही पडदे विझले. संध्याकाळशिवाय ते उजळणार नव्हते. तोवर सोनाजीला आयुषला पडद्यावर मारता येणार नव्हतं.

"घरी थांब तू," सोनाजी दारातून म्हणाला. "घरासकट जाळतो तुला."


जीव ६१

ते पाच जण आले. सोनाजीच्या हातात लोखंडी सब्बल, मुंजाजीच्या हातात रॉकेलचा कॅन, बाकी तिघांकडं काठ्या. भीमनगरातले बाप्ये कामावर गेलेले; जी होती त्यांनी दारं लावून घेतली. पद्माबाई दारात डाळ पाखडत होत्या.

"तुपला आयुष कुठं हाय?"

"काहून? काय केलं त्यानं?"

"आमाला मारलं," मुंजाजी म्हणाला आणि त्याला पुन्हा हसू फुटलं. हसता हसता त्यानं सुपाला लाथ मारली. दुसरी लाथ पद्माबाईंच्या बरगडीत बसली.

आयुष आतून धावत आला. पहिली काठी त्यानं खांद्यावर घेतली, दुसरी कोपरावर. एकाच्या नाकावर त्याचं डोकं बसलं, हाड मोडल्याचा आवाज झाला.

जीव ४४.

घरापासून यांना लांब न्यायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. रस्त्याच्या तोंडाशी दोन काठ्या उभ्या. तो भिंतीच्या कडेनं मागं पळाला.

"भगदाडाकडं चालला!" सोनाजी ओरडला. "मुंज्या, सगळे फाटकातून आत शिरा, पलीकडून धरा त्याला! मी मागून येतो!"

चौघं फाटकाकडं सुटले. भिंत कोणाची होती? सोनाजीची. तरी त्याला काही वेगळं वाटलं नाही.

जीव ३०. भिंत डाव्या हाताला. काँग्रेस गवत कंबरेइतकं. मागं सोनाजीचे बूट. कोपरा आला. आयुष वाकला आणि भगदाडातून पार झाला.

नाही. झाला नाही.

त्याचं डोकं विटांवर आपटलं. भिंत सलग होती. भगदाड त्यानं केलं होतं, रोज वापरलं होतं, आणि ते तिथं कधीच नव्हतं.


जीव (आकडा दिसत नाही)

पहिला घाव सोनाजीनं डोक्यावर टाकला. आयुष सरकला. सब्बल भिंतीवर बसली, पण त्याचा डावा पंजा मध्ये सापडला. दोन बोटं चपटी झाली. त्यानं सोनाजीच्या मनगटाला दात लावले आणि तोंडात खारट चव येईपर्यंत सोडलं नाही. सब्बल खाली पडली. ती उजव्या हातानं आयुषनं उचलली आणि गुडघ्यावर हाणली. गुडघा उलटा वळला. सोनाजी तोंड उघडून बोंब मारणार, तोच सब्बलीचा दांडा जबड्यावर बसला. जबडा एका बाजूला लोंबला. आता त्याच्या घशातून नुसती घरघर येत होती.

आयुषनं सब्बल डोक्यावर उचलली.

हे डोकं त्यानं रोज फोडलं होतं. पण पडद्यावरच्या त्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास नव्हता, कानात बाळी नव्हती, आणि ते असं हात पुढं करून बघत नव्हतं. तरी त्याचे हात खाली येणारच होते.

भिंतीच्या पलीकडून आवाज आले.

"अबे, इथंच होतं की भगदाड!"

"पोत्यांच्या मागं असंल. ओढ पोते."

"अरे, काल मी इथूनच मेलो ना बे!"

"सोनाजीभाऊ! सापडून न्हाई राहिलं!"

आणि मग मुंजाजी: "सोडा ते. चला घराकडं. रॉकेल हाय मपल्याजवळ."

आयुषचे हात वरच थांबले. घरात आई होती. धाकटी बहीण करुणा होती. बाहेर पडायला रस्ता एकच, आणि हे चौघं आता त्याच रस्त्यानं परत जाणार.

तेवढ्यात करुणाच भिंतीच्या कडेनं त्याला शोधत आली. सोनाजीचा गुडघा बघून तिनं तोंडावर हात दाबला.

"आईला घे," आयुष हळू आवाजात म्हणाला. "फाटकासमोरून नीघ. स्टँडवर रामप्रसादच्या जीपमधे बस."

"दादा, फाटकात ते असतील."

"न्हाईत. सगळे इथं हायत, भिंतीमागं. मी धरून ठेवतो त्यांना. जाय!"

"आन तू?"

"जाय म्हणलं ना!"

ती पळाली. आयुष सोनाजीकडं पाठ करून वळला आणि डोक्यावर घालायचा तो घाव त्यानं भिंतीवर घातला.

धप्प.

पलीकडचे पाय थांबले.

"अबे ऐक. तिकडून येऊन राहिला तो!"

"येऊ दे. डोकं बाहेर काढलं की हाणा. मुंज्या, कुठं चालला? थांब की!"

धप्प. डाव्या हातानं सब्बल धरवत नव्हती, तळहात आणि मनगटात दाबून तो हाणत होता. मोडकी बोटं प्रत्येक घावाला हलत होती. चुना डोळ्यांत, रक्त डोळ्यांत. पायाशी सोनाजी त्याच्या पँटला धरून ओढत होता. आयुषनं त्याच्या हातावर टाच ठेवली आणि तशीच दाबून उभा राहिला. धप्प. आई फाटकापाशी आली असेल. बरगडी धरून चालत असेल. धप्प. करुणा तिला ओढत असेल. धप्प.

"जोर लाव, लेका!" पलीकडून कोणीतरी ओरडलं आणि बाकीचे हसले. "आमी हायेत इथंच!"

असेच राहा, आयुष मनात म्हणाला. तिथंच राहा.

मग स्टँडकडून रामप्रसादच्या जीपचा भोंगा आला, घसा बसलेला, लांबलचक. सीट भरल्याशिवाय न निघणारी ती जीप आज दोन सीटांवरच निघाली होती. आवाज सेनगावच्या रोडकडं सरकला, बारीक झाला, गेला.

आयुषनं आणखी एक घाव घातला. तो घालायची आता गरज नव्हती. वीट सुटून पलीकडं पडली, तिच्या मागं दुसरी, मग चार-पाच एकदम. धुरळा खाली बसला. भोकात मुंजाजीचा डोळा आला, मग अर्धा चेहरा, घामानं भिजलेला, खूश झालेला.

"सापडलं बे! मी म्हणलं न्हवतं? इथंच हाय!"

आयुषनं एक वीट आणखी पाडली. आता भोक माणूस वाकून येईल एवढं झालं होतं, एका वेळी एकच. तो बाजूला सरला, भिंतीला पाठ लावली, सब्बल खांद्यावर घेतली आणि पहिलं डोकं बाहेर यायची वाट बघत उभा राहिला.