मखराची चांदी

…आणि मधोमध तपकिरी ओघळ, गोगलगाय सरकून गेल्यासारखा. चांदीचा कागद, बोटभर रुंद. धुवायला काढलेल्या पोराच्या, रवींद्रच्या, शर्टाच्या खिशात. गोदूने तो गुडघ्यावर ठेवला आणि नखाने सपाट करायला लागली. हाताला सवय होती.

गेल्या वर्षी असेच कागद तर केले होते सपाट. पोरगा मुरबाडला कारखान्यात लागलाय, चॉकलेटं खातो, खाऊ दे — म्हणून जपून ठेवले, गणपतीच्या मखराला डकवले, ओघळाची बाजू बाहेर, तीच नक्षी वाटली म्हणून. आरतीला सगळी आळी आली. आळीतल्या कमळाकरचा टाळ मध्येच थांबला. ती विचारत होती, कसं झालंय? — आणि सगळे म्हणत होते, छान, छान… गर्द हा शब्द, आणि तो असल्याच कागदावर जाळून ओढतात हे, तिला मागाहून कळलं. रवींद्रची नोकरी गेल्यावर, शेजारच्या गुणाबाईचा पितळी हंडा चोरीला गेल्यावर, भाताच्या कापणीला सावडीने, कामाच्या बदल्यात कामाला, कुणी येईना तेव्हा. आधी सगळ्यांना माहीत होतं, तिला एकटीला नव्हतं. आता तिलाही होतं, तरी एकटीच.

"सोडलं आये, कायमचं." शिमग्याला बहिणीच्या, रविनाच्या, डोक्यावर हात ठेवून म्हणाला होता. आणि हा कागद तर ताजा —

"आये, आले गो ते!" रविनाची हाक. आटगावचे पाहुणे, तिला बघायला. गोदूने कागद कनवटीला खोचला.

मुलगा गप्प, त्याची मावशी बोलकी. "पोरगी बोलत नाय गो. आमच्यात बोलाय लागंल, आमची म्हस पन बडबडते!" सगळे हसले. रविनासुद्धा. किती दिवसांनी. "आन् हिचा भाऊ? दिसत नाय तो?"

"कामावर." गोदूचा आवाज सरळ निघाला. "पहिली पाळी हाय."

रविनाने मान वर केली नाही.

"मंग येलच आता. थांबतो आमी. भावाला बघितल्याबिगर कसं जायाचं?"

नाक्यावर मुरबाडहून येणाऱ्या जीपचा हॉर्न वाजला. इतकी वर्षं हा हॉर्न ऐकला की ती उंबऱ्याशी यायची, आला का… आता पाय हलेनात. नको येऊस, ती मनात म्हणाली. पाहुणे जाईपर्यंत, असं पुढे जोडायला गेली — पण वाक्य आधीच पुरं झालं होतं.