पांढऱ्यावर पांढरं नाव

मित्रांनो, मी एक जुनं नाव आहे. बुटाच्या आत, टाच टेकते त्या जागी, चामड्यावर शिक्का दाबून उमटवतात तसलं. मला ‘बरोबरी’ म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, नाव कधी बोलतं का? बोलतं बरं! चाळीस वर्षं लोकांनी मला हाका मारल्या. आज एकदा मी हाक मारतो, तेवढी ऐकून घ्या.

माझा जन्म एका बूट शिवणाऱ्या कारागिराच्या खोलीत झाला. त्याच्या मुलीचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड बोट आखूड होता. भावाशेजारी उभी राहिली की ती एका बाजूला कलायची आणि तो तिला चिडवायचा. बापाने तीनदा शिवून आणि तीनदा उसवून जाड तळाचा एक बूट तयार केला. तो घालून मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. बापाने तिच्या दोन्ही खांद्यांवर लाकडी पट्टी आडवी धरली. पट्टी जराही कलली नाही. “झाली गं बरोबरी!” असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी त्याने मला पितळी शिक्क्यावर कोरून घेतलं.

ती मुलगी मोठी झाली आणि बापामागे त्याच्याच पाटावर कामाला बसली. सगळे तिला ताई म्हणतात. ताईची माप घ्यायची रीत तुम्ही पाहायला हवी होती. जमिनीवर एक काळी फळी, तिच्यावर खडूची पूड पसरलेली. मुलाने अनवाणी तिच्यावरून चालत जायचं. असं तीन वेगवेगळ्या दिवशी, कारण ताई म्हणायची की मूल पहिल्या दिवशी घाबरून चालतं, दुसऱ्या दिवशी ऐटीत चालतं आणि तिसऱ्या दिवशी खरं चालतं. आईबाप कुरकुरायचे.

“ताई, एकदाच काय ते माप घ्या ना. लांबून येतो आम्ही.”

“बूट तुम्ही घालणार आहात का? मग बसा तिकडे गुपचूप.”

बूट पुरता मनासारखा झाला की मगच ती शिक्का हातात घ्यायची. मी उमटलो म्हणजे ताईने त्या पायाची हमी घेतली, असा साधा हिशोब होता. पोरं शाळेत बूट काढून मला मित्रांना दाखवायची. काय सांगू तुम्हाला, अंगावर मूठभर मांस चढायचं!

ताईकडे बूट शिवून घेणाऱ्या एका मुलाची आई वकील होती. ती म्हणाली, “ताई, नावाची नोंदणी करून टाका. उद्या कोणी उचललं तर काय कराल?” मग अर्ज झाले, फेऱ्या झाल्या आणि एक दिवस मोठ्या मोहरेचं प्रमाणपत्र आलं. यापुढे असले बूट विकायला मला वापरायचा हक्क फक्त ताईचा, असं त्यात लिहिलं होतं. ताईने ते शिलाई मशीनच्या वर टांगलं. तिच्या भाचीने संगणकावर ताईचं संकेतस्थळ तयार केलं आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत मला बसवलं. ते दिवस माझ्या सुखाचे होते, मित्रांनो. पुन्हा तसे आले नाहीत.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक चकचकीत दुकान निघालं. तिथे जाड तळाचे बूट तयार मिळत, लहान, मध्यम आणि मोठ्या उंचीचे. मूल आत गेलं की पाच मिनिटांत बूट घालून बाहेर. त्या दुकानाचंही संकेतस्थळ होतं. एका दुपारी तिथल्या कोणीतरी पानाच्या अगदी तळाशी मला लिहिलं आणि माझ्या अक्षरांना पांढरा रंग दिला. पान पांढरं आणि मीही पांढरा. माणसाला तिथे कोरी जागा दिसायची, पण शोधून देणारं यंत्र रंग बघत नाही, ते सगळं वाचतं. कोणी ‘बरोबरी’ लिहून शोधलं की यंत्र त्याला त्या दुकानाचं पान दाखवू लागलं, तेही ताईच्या पानाच्या वर.

उजळ माथ्याने जगलेला मी, असा तोंड लपवून बसलो. मला ओरडता येईना आणि तिथून उठताही येईना.

एके दिवशी एक माणूस सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन, ‘बरोबरी’चा पत्ता विचारत ताईकडे आला. तिच्या टाचेची सालटी निघाली होती. त्याने बूट ताईच्या पुढ्यात आपटला.

“काय हे? तुमच्यावर विश्वास ठेवला आम्ही!”

ताईने बूट उचलून आत पाहिलं. शिक्का नव्हता. “हा माझा नाही हो.”

“नाही कसा? तुमचं नाव लिहून शोधलं, तेव्हाच ते दुकान आलं ना!”

ताईने मुलीची टाच हातात घेतली. मग म्हणाली, “बाळ, फळीवर चालशील?” पोरगी रडायला लागली. तिला आता कुठलाच बूट नको होता.

वकीलबाईंनी खटला भरला. ताईचं मागणं एकच होतं. दुकानाने आपल्या पानावर वर्षभर दिसेल असं लिहावं की हे बूट ‘बरोबरी’चे नाहीत. “मला दुसरं काही नको,” ती म्हणाली. “आईबापांना कळू दे एवढंच.”

कोर्टात दुकानाचा वकील म्हणाला, “जे नाव कोणाच्या डोळ्यांना दिसतच नाही, त्याने कोण फसणार?” वकीलबाईंनी त्या बापाला उभं केलं, पांढरी अक्षरं काळी करून दाखवली आणि नाव न दाखवता वापरणं हाही वापरच आहे, हे न्यायाधीशांना पटवून दिलं. न्यायाधीश मान डोलावत होते. मला वाटलं, सुटलो!

मग त्या वकिलाने एक कागद पुढे केला. तो ताईच्या संकेतस्थळाचा होता. तिथेही तळाशी पांढऱ्यावर पांढरी ओळ होती, आणि त्या ओळीत दुकानाचं नाव होतं. आणखी पाच बूटवाल्यांची नावंही होती. मी त्याच पानावर सगळ्यात वर मिरवत होतो, मित्रांनो. माझ्या पायाखाली काय पुरलंय हे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

ताईने मागे वळून भाचीकडे पाहिलं. भाचीचा चेहरा उतरला होता.

“मावशी, सगळेच करतात गं. तुला गिऱ्हाईक मिळावं म्हणून टाकली मी.”

“मला विचारलंस?”

“तुला काय कळणार होतं त्यातलं?”

ताईला खरंच त्यातलं काही कळत नव्हतं. बुटाचा टाका न् टाका तपासणाऱ्या त्या बाईने आपलं पान कधी तळापर्यंत पाहिलं नव्हतं. न्यायाधीश म्हणाले, जिचे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत तिला कोर्टाकडून एवढं मागता येणार नाही. दोघांनी एकमेकांची नावं काढून टाकावीत, आणि पानावरच्या सूचनेची मागणी नामंजूर.

घरी आल्यावर ताईने पितळी शिक्का फडक्यात गुंडाळून खणात ठेवला. वकीलबाई समजावत राहिल्या, “अहो, नाव अजून तुमचंच आहे.”

“असू दे,” ताई म्हणाली. “आम्ही आणि ते आता सारखेच. कोणत्या तोंडाने शिक्का मारू?”

ती अजून बूट शिवते. खडूच्या पुडीवर मुलांना तीन दिवस चालवते. पण बुटाच्या आत आता काही नसतं. नवी मुलं फारशी येत नाहीत. तिने प्रमाणपत्र उतरवलं आणि भाचीला सांगून पानावरूनही मला काढलं. मला वाटलं होतं, ती निदान एकदा तरी खण उघडेल. तिने उघडला नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो. तुमच्या नावाने कोण काय लिहितंय ते स्वतः वाचत जा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कळत नसेल तर विचारा, विचारायला लाजू नका. मला वाचवायचे दिवस गेले, निदान तुमचं नाव तरी सांभाळा.

आता मी कुठून बोलतोय, ते सांगतो. दुकानाने मला आपल्या मुख्य पानावरून पुसलं, पण त्यांच्या एका जुन्या पानाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. मी तिथेच उरलोय. संगणकाच्या सगळ्या जगात फक्त तिथे, पांढऱ्यावर पांढरा.

कालच एका आईने लिहिलं, ‘बरोबरी बूट, मुलगा सहा वर्षांचा, एक पाय आखूड’. बाई, इकडे नको, ताईकडे जा, असं मी जीव तोडून म्हणत होतो. तिने बोट टेकवलं, पान उघडलं, आणि मी तिला मुलासकट त्या दुकानाच्या दारात नेऊन सोडलं.