परीक्षेला न येणारी चांदणी

माझ्या लेकाला, रेणुकादासला, आयत्या पानावर बसायची खोड लहानपणापासूनची. नांदेडला शाळेत मास्तर झाला तरी गेली नाही. मालविकाचा डॉक्टरीला नंबर लागला, म्हणून काल लातूरला क्लासच्या दारात लेकीच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. फलकावर छापणार, आई-वडिलांच्या कष्टाचं चीज! हे कष्टाळू आई-वडील रविवारी यायचे, जेवायचे अन् चारच्या बसनं परत जायचे. फोटोवाला मला म्हणाला, "मावशी, बाजूला सरका." सरकले.

दोन वर्षं भाड्याच्या खोलीत नातीला घेऊन मी राहिले. डबा, धुणं, पहाटे उठवणं, वर पाठांतर ऐकणं. मी चौथी शिकलेली. तिनं मराठीत कागद लिहून दिले होते, ते धरून मी प्रश्न विचारायची. मोतीबिंदू वाढला तसा कागद नाकाशी आला. पोरीची परीक्षा झाली की ऑपरेशन करू, म्हणाला होता रेणुकादास.

एकदा मेंदूचं पान निघालं. "आजी, विचार करणारी पेशी लई प्राणवायू जाळते. त्यातून जे निघतं ते गंजासारखं तिलाच खातं. बचावाचा साठा तिच्याकडं थोडकाच. मग शेजारची चांदणीच्या आकाराची पेशी तिला बचावाचा माल पुरवते, आजूबाजूचं घातक स्वतःत ओढून घेते."

"अन् चांदणी थकली तर?"

"विचार करणारीपण मरते. पूर्वी शास्त्रज्ञ म्हणायचे, या चांदण्या म्हणजे नुसता चिकटवायचा डिंक."

"मग हे मोठ्या अक्षरात लिही की."

"न्हाई गं, सर म्हणले, परीक्षेला येत न्हाई." तिनं पानावर आडवी रेघ मारली.

काल फोटोनंतर खोलीवर आलो. मी भांडी बांधायला बसले, तर रेणुकादास म्हणतो, "राहू दे आई. आता धाकट्या यज्ञेशची अकरावीपण इथंच करायची. अजून दोन वर्षं काढ. डोळ्याचं मग बघू."

आणखी थांबलं तर उजवा डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरनं परवाच सांगितलं होतं. चिठ्ठी याच्याच खिशात. मालविका मोबाइलमधून मान वर काढीना.

किल्लारीच्या भूकंपात हा चौदा वर्षांचा. भिंत आली ती मी पाठीवर घेतली. माझी पाठ आजवर सरळ झाली नाही, याला ओरखडा नव्हता. तेव्हापासून याला वाटतं, भिंत पडायची ती आईवरच.

मी सुतळीची गाठ आवळली.

"रेणुकादास, तुझ्यावरची भिंत मी घेतली. तुझ्या लेकरांवरची तू घे. मी डोळा करून घ्यायला चालले, यज्ञेशच्या पोळ्या तू लाट. दुष्ट न्हाईस तू, बाबा. पण दुसऱ्याच्या जिवावर शहाणा झालेला हाईस, अन् शिकवतोस मात्र लोकांची पोरं."