बिनवासाचा धूर

कानिफनाथांनी नव्या मशीनच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. मग कोपऱ्याला टेकवला, दाराच्या कडीला टेकवला. तिथेही लागला नाही, तेव्हा त्यांचा संशय उलट वाढला.

"आत्ता करंट उतरत न्हाई, म्हंजे कधीच उतरणार न्हाई असं नसतंय," ते म्हणाले.

"नवीन आहे हो मामा," सून निकिता म्हणाली.

चौतीस वर्षं पारनेर भागात वायरमन म्हणून खांबावर चढलेला हा माणूस. विजेवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता आणि या विजेच्या धूरभट्टीवर तर नव्हताच. रिटायर झाल्यापासून रविवारचं मटण हे त्यांचं खातं होतं. तेलाचं जुनं पिंप स्वतः कापून त्यांनी आत जाळी बसवली होती. खाली बाभळीचा कोळसा, त्यावर आंब्याच्या ढलप्या, झाकण लावून तीन तास धूर. बाकीचे सहा दिवस घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. आता सुनेनं मोबाईलवरून हे कपाटाएवढं मशीन मागवलं होतं. ढलप्या टाकायच्या, वेळेचा आकडा लावायचा, संपलं. म्हणजे रविवारही गेला. ही पोरगी गोड बोलून आपल्याला मोडीत काढणार, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं.

"ठेवायचं की परत करायचं, ते तुम्हीच ठरवा," असं तिनं सांगितलं होतं. परत करायला आजचाच दिवस उरला होता, आणि खोकंसुद्धा तिनं जपून ठेवलं होतं. इतका समजूतदारपणा म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं कानिफनाथांना वाटत होतं.

निम्मं मटण मशीनमध्ये लावलं. निम्मं पिंपासाठी ठेवलं. तासाभरानं मशीनच्या नळकांड्यातून धूर निघू लागला. कानिफनाथ वाकले, नाक जवळ नेलं आणि त्यांचा चेहरा खुलला. चोर सापडला होता.

"ह्या धुराला वासच न्हाई. फसवलंय तुला. नुसती वाफ हाय ही."

निकितानं सासूकडे पाहिलं. साळूबाईंनी मान खाली घातली. दोघींचं काहीतरी संगनमत आहे, हे उघड होतं. तेवढ्यात शेजारचे काकासाहेब भिंतीवरून डोकावले.

"कानिफराव, लई वास सुटलाय. आज कोळसा बदलला का काय?"

यालाही फितवलंय, असं आधी त्यांच्या मनात आलं. पण काकासाहेबांना फितवून कुणाला काय मिळणार? कानिफनाथ तडक पिंपाकडे गेले. कोळसा पेटवला. लालबुंद झाल्यावर ढलप्या टाकल्या, वर चमचाभर तूप सोडलं. चर्र झालं. त्यांनी धुरात तोंड घालून श्वास ओढला, पुन्हा ओढला. डोळ्यांतून पाणी आलं, घसा चरचरला. वास मात्र आला नाही.

ट्रान्सफॉर्मरमधली कुठली वायर जळाली ते नुसत्या वासावर सांगणारं त्यांचं नाक होतं. त्यांना एकदम भीती वाटली.

साळूबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"कधीपास्नं?" कानिफनाथांनी न वळता विचारलं.

"दिवाळीपास्नं बघतीय मी. मागच्या दोन रविवारी करपलं हुतं. पोरीनं करपलेलं काढून टाकलं, राहिलेलं रश्श्यात घालून वाढलं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"कवा वाखाणत्यात म्हणून तुमी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत बसला हुता. कसं सांगावं?"

त्या दोन्ही रविवारी, कोळशाची सर कशालाच नाही, असं ते सुनेला चारचौघांत ऐकवत होते. ती मान हलवत जेवली होती. कानिफनाथांना फार लाज वाटली.

त्यांनी तांब्याभर पाणी आणून पिंपातल्या कोळशावर ओतलं. अंगणात निकिता खोकं घेऊन उभी होती.

"ऱ्हाऊ दे ते," कानिफनाथ म्हणाले. "मशीन ठेवायचं."

मग मशीनजवळ खुर्ची ओढून ते बसले.

"निकिता, वास कसा येतोय, सांग बरं."

ती नळकांड्यापाशी वाकली. "लसणाचा येतोय मामा. धन्यांचा, थोडासा. आणि आता चरबी सुटायला लागलीय, तिचा गोडसर येतोय."

कानिफनाथांनी डोळे मिटून घेतले होते.

"करपल्याचा?"

"नाही अजून."

"मग अजून अर्धा तास ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.